आधी ओंजळीत, मग वहीत

जयनगर, बेंगळुरू
३ फेब्रुवारी २०२५

चि. शिवलीला हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा, ठकूचा फोन आला होता. म्हणाली, लीला बेंगळुरातच नोकरीला आहे, के. आर. पुरमला पीजीत राहते आणि मामाच्या घरी एकदाही फिरकली नाही. मी म्हटलं, पोरीला वाईट वाटलं असेल, साहजिक आहे. अभिमन्यूसाठी तुझं स्थळ आम्ही नाकारलं, त्यात डूख धरण्यासारखं काही नव्हतं. निपाणीकडच्या मुली कामाला वाघ असतात, पण चार माणसांत बसवायला अवघड जातात, एवढंच तेव्हा मनात आलं. चुलत बहिणीची मुलगी असलीस तरी मी स्पष्ट बोललो. स्पष्ट बोलल्यानं नाती टिकतात.

असो. तुझ्याकडे एक काम आहे.

आपल्या मंडळाची भिशी तुला ठाऊक आहे. इथल्या जुन्या मराठी घरांतून ती माझ्या आजोबांपासून चालते. वर्षाची वर्गणी सगळे एकदम भरतात, दर महिन्याला एकाचा नंबर लागतो, आणि कुणाला मध्येच बाहेर पडायचं असेल तर त्याचे पैसे त्याला परत मिळतात. शिरस्ता एकच. घेणाऱ्याच्या ओंजळीत आधी पैसे पडतात, मग आमच्या अंबूच्या हातचा पेढा त्याच्या तोंडात जातो, आणि शेवटी वहीत त्याच्या नावापुढे खूण होते. आधी लिहून घेऊन मग पैसे देणं हे सावकाराचं काम. आमच्याकडे ते आजवर झालेलं नाही.

अभिमन्यूनं आता ही भिशी ब्लॉकचेनवर आणायचं ठरवलं आहे. तो म्हणतो, हा एक करारच असतो, फक्त कागदावर नसून यंत्रावर. पैसे स्वतःच घेतो, स्वतःच देतो, मध्ये माणूस नाही. परगावचे नातेवाईकही त्यात येऊ शकतील. त्यानं आजोबांचा शिरस्ता त्यात जसाच्या तसा उतरवला आहे, हे सांगताना माझे डोळे भरून आले. तू म्हणे अशा करारांतली भोकं शोधायची नोकरी करतेस. एकदा नजर टाक. घरचंच काम आहे, बिल पाठवू नकोस. अभिमन्यूला वेळ नाही, म्हणून मी लिहितो. फोनवर मी फक्त वाढदिवसाचे आशीर्वाद देतो, तेव्हा उत्तर पत्रानंच दे. तेवढंच तुझं मराठीही स्वल्प सुधारेल.

तुझा मामा,
विश्वासराव

---

के. आर. पुरम
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

करार वाचला. अभिमन्यूचं लिहिणं नीटनेटकं आहे. आणि करार जसा आहे तसा चालू केलात तर तुमची भिशी कुणीही एका बैठकीत रिकामी करू शकेल. तुम्हाला स्पष्ट बोलणं आवडतं, म्हणून आधीच सांगितलं.

भोक कुठं आहे ते सांगते. तुमच्या शिरस्त्यातच आहे.

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी वाढतो आणि दोन पावलं पुढे गेल्यावर मनात नोंद करतो, की याला वाढली. समजा एखाद्या हावरटानं ती नोंद व्हायच्या आतच पान पुन्हा पुढे केलं. वाढप्याच्या हिशेबी हा अजून उपाशीच. तो पुन्हा वाढतो. पान पुन्हा पुढे येतं. माणूस वाढपी असेल तर तिसऱ्या वेळी डोळे वटारेल. यंत्राला डोळे नसतात. परात रिकामी होईपर्यंत ते वाढत राहतं.

तुमच्या करारात पैसे आधी जातात आणि खूण नंतर होते. घेणारा प्रत्येक वेळी माणूसच असेल असं नाही. तिथं कुणी आपला छोटा प्रोग्रॅम उभा करू शकतो. पैसे हातात पडल्याबरोबर, खूण व्हायच्या आत, तो पुन्हा हात पसरतो. बैठकीत तुमच्यासमोर अंबुअक्का पेढा घेऊन बसलेल्या असतात, तिथं हे चालणार नाही. यंत्रावर चालतं. आमच्या धंद्यात ही चोरी इतकी जुनी आहे की नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात.

उपाय सोपा आहे. आधी खूण करायची, मग पैसे द्यायचे. एक ओळ वर न्यायची, बस. त्याच्या जोडीला एक कडी, म्हणजे एकाचं देणं पूर्ण होईपर्यंत दुसरी मागणी आत येणार नाही. शिवाय सगळं थांबवायचं एक बटण ठेवा, त्याच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरांत द्या. आणि चालू करण्यापूर्वी दोन परक्या माणसांकडून मोडून बघा. ओळखीच्यांना भोक दिसलं तरी ते भिडेखातर बोलत नाहीत.

एक गोष्ट नीट ऐका. हा करार एकदा ब्लॉकचेनवर चढवला की त्यातलं अक्षर बदलता येत नाही. चूक सुधारायची तर नवा करार नव्या पत्त्यावर चढवायचा आणि पैसे तिकडे न्यायचे. म्हणून आत्ताच बदला.

चार माणसांत बसायचं म्हणाल तर मी रोज बसते, आणि त्यांच्या चुका काढते. त्याचाच पगार मिळतो.

आपली,
शिवलीला

---

जयनगर
२ एप्रिल २०२५

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण राग शांत होऊ दिला.

आजोबांच्या शिरस्त्याला तू भोक म्हणालीस. देवमाणूस होता तो. त्यांच्या हातून ओंजळीत पैसे घेतलेली माणसं अजून या भागात आहेत, आणि त्यांच्यात तुझ्या आईचे वडीलही होते. त्यांना त्या दिवशी कुणी आधी सही कर म्हणालं नव्हतं. म्हणाले असते तर निपाणीची जमीन राहिली नसती आणि तुझं शिक्षणही झालं नसतं. आमच्या मंडळींत हात पुन्हा पुढे करणारा कुणी नाही. तुमच्याकडे असतील.

अभिमन्यूला पत्र दाखवलं. तो हसला. म्हणाला, अण्णा, नकार मिळालेल्या मुलीकडून तपासून घ्यायचं म्हणजे दुसरं काय होणार. मी त्याला रागावलो, पण मलाही हसू आवरलं नाही.

करार पाडव्याला चालू झाला. प्रत्येक घराला पैसे भरायचं एक कार्ड छापून दिलं, मोबाइल समोर धरला की झालं. बायकांनी त्या कार्डांना हळदकुंकू लावून देवघरात ठेवलं. काहीही बिघडलेलं नाही. अंबूनंही आपलं होतं नव्हतं ते त्यात घातलं. विधवा बहीण भावाच्या घरात राहते तेव्हा तिच्या स्वतःच्या नावावर काहीतरी असावं, एवढा विचार मी करतो. तू कुणाचा करतेस ते तुलाच ठाऊक.

तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे.

विश्वासराव

---

के. आर. पुरम
१२ जून २०२५

मामांस नमस्कार.

आज सकाळी दारात उभी राहून सांगायला आले होते ते आता लिहिते आहे. हे पत्र कुरियरच्या पोऱ्याबरोबर पाठवते, म्हणजे संध्याकाळीच पोचेल. कृपा करून लगेच वाचा.

काल ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तुमचा करार उघडून पाहिला. ब्लॉकचेनवरचं सगळं कुणालाही दिसतं, त्यात चोरून बघण्यासारखं काही नाही. कुणी अनोळखी थोडीशी वर्गणी भरून भिशीत आला होता. मग त्यानं बाहेर पडायचं म्हणून पैसे परत मागितले, आणि त्याला ते दोनदा मिळाले. चोर मोठा हात मारण्याआधी कडी अशी हलवून बघतो. थांबवायचं बटण तुम्ही ठेवलेलं नाही. अभिमन्यूला फोन केला, त्यानं माझा नंबर आधीच ब्लॉक केला आहे.

मग मी तेच केलं जे तो चोर करणार होता. त्याच भोकातून भिशीतले सगळे पैसे मी बाहेर काढले आणि एका वेगळ्या खात्यावर ठेवले. सगळे सुरक्षित आहेत. तुम्ही पत्ता द्या, मी त्याच क्षणी परत करते. फक्त त्या जुन्या पत्त्यावर नको.

हे सांगायला मेट्रोनं आले. तुमच्याकडे अभिमन्यूचा आणि सौम्याचा साखरपुडा होता, मला माहीत नव्हतं. सौम्याचे वडील दारातच होते. तुम्ही मला पायरीवरच थांबवलंत. अंबुअक्का पाणी घेऊन आल्या. मी तुमच्या कानात दोन वाक्यांत सगळं सांगितलं, तुम्ही सरी सरी, बरं बरं म्हणालात, पाहुणे गेल्यावर ये म्हणालात. समोरच्या बागेत बसून होते. दुपारी पाहुणे गेले, दार लागलं, आणि बेल वाजवली तर कुणी उघडलं नाही.

मामा, माझा मान बाजूला राहू द्या. पण या धंद्यात माणूस फक्त नावावर जगतो. मी परवानगी न घेता हात घातला आहे आणि ते मला ठाऊक आहे. तुम्ही एक ओळ लिहून दिलीत, की लीलानं आम्हाला सांगून वाचवलं, तर मी वाचले. नाही दिलीत तर मी चोर. माझी नोकरी, नाव, सगळं त्या एका ओळीवर आहे. उद्यापर्यंत वाट पाहते.

शिवलीला

---

जयनगर
९ सप्टेंबर २०२५

शिवलीला हिस,

पैसे पूर्ण पोचले. मंडळाच्या वतीनं पोच दिली आहे असं समज.

पोलिसांत गेलेली तक्रार मागे घेणं आता आमच्या हातात नाही. भिशी लुटली गेली हे आम्हाला सगळ्यांबरोबरच कळलं आणि नियमाप्रमाणे आम्ही कळवलं. करार कसा फोडता येईल याचं सविस्तर वर्णन तू फेब्रुवारीतच स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं होतंस. ते पत्र द्यावं लागलं. जिलेबीचा दाखला साहेबांना फार आवडला. म्हणाले, चोर इतका छान लिहितो हे पहिल्यांदा पाहिलं.

तुझा लॅपटॉप आणि फोन जप्त झाले आणि कंपनीनं तुला काढलं असं ठकूकडून कळलं. ती फोनवर रडत होती. तिला म्हटलं, पोरीला अजून वय आहे, निपाणीत शिकवण्या घेता येतील.

इकडे सगळं ठीक. अभिमन्यूनं ती ओळ वर नेली. मंडळाच्या सभेत त्याला शाल आणि नारळ दिला. सौम्याचे वडील स्वतः उठून उभे राहिले होते. दसऱ्याला भिशी पुन्हा सुरू होईल.

यापुढे मला पत्र लिहू नकोस. आलं तर न फोडता परत पाठवीन.

विश्वासराव

---

जयनगर
१४ ऑक्टोबर २०२५

लीला, तुला अंबुअक्काचे आशीर्वाद.

शेजारच्या नीलिमाच्या हातून हे टाकायला देते. अण्णा देवळात गेल्यात. माझ्या अक्षराला हसू नको, कन्नड शाळेत शिकलेली मी.

तू त्या दिवशी पायरीवर उभी होतीस ते डोळ्यांपुढून जात नाही बघ. तुझं पत्र त्याच संध्याकाळी आलं. अण्णांनी वाचलं, अभिमन्यूनं वाचलं. अभिमन्यू म्हणाला, ही वाचवली असं झालं तर मी बुडवली असं होतं, आणि मग हे लग्न मोडतंय. अण्णांनी पत्र देवघरात पाटाखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं पोलिसांत गेले. मग साहेब घरी आले. साखरपुड्याच्या दिवशी तू आलीच नव्हतीस, घरातलं कुणी तुला बघितलं नाही, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. मी अण्णांच्या घरात राहते, लीला. बाहेर काढलं तर या वयात कुठं जाऊ, सांग.

तू मला माफ करू नको, पण शापही देऊ नको.

भिशी दसऱ्याला सुरू झाली. अभिमन्यू म्हणतो ओळ बरी केली, आता भीती नाही. पैसे पहिल्याच जागी ठेवलेत, पत्ता तोच. नवीन पत्ता म्हणजे नवीन कार्डं आली. देवघरातली, हळदकुंकू लावलेली कार्डं कशी टाकायची, बायका तयार नव्हत्या. अण्णाही नको म्हणाले. माझा नंबर मार्गशीर्षात आहे. आला की तुझ्या आईला एक साडी पाठवीन.

हे पत्र फाडून टाक.

अंबुबाई

---

के. आर. पुरम
२२ ऑक्टोबर २०२५

विश्वासराव यांस,

हे पत्र तुम्ही न फोडता परत पाठवणार आहात. म्हणून मोकळेपणानं लिहिते.

तुमची भिशी जुन्याच पत्त्यावर सुरू झाल्याचं कळलं. कुणाकडून ते विचारू नका. ब्लॉकचेनवर कुणालाही दिसतं, हे मागेच लिहिलं होतं. शिकवणीच्या मुलीचा फोन मागून घेऊन मीही खात्री केली. जुनाच करार आहे, अक्षरही बदललेलं नाही, आणि सगळ्यांचे पैसे त्यात परत येऊन पडलेत.

अभिमन्यूनं ओळ वर नेली हे खरं आहे. त्याच्या लॅपटॉपवर नेली. शाल आणि नारळ त्या लॅपटॉपवरच्या ओळीला मिळाले. चढवलेल्या करारात ओळ जिथं होती तिथंच आहे. आधी ओंजळीत, मग वहीत. चढवल्यावर काही बदलता येत नाही, हे माझ्या पहिल्या पत्रात होतं, पण त्यातला जिलेबीचा भागच तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. नवा करार चढवायला अभिमन्यूला एक दुपार पुरली असती. नवी कार्डं छापायची, बायकांची समजूत घालायची आणि भर सभेत म्हणायचं, की पहिल्या वेळी माझं चुकलं. यातलं शेवटचं त्याला जमलं नसणार. तुमच्याच हाताखाली वाढला आहे.

काल पुन्हा एकजण थोडी वर्गणी भरून आत आला. पैसे परत मागितले, त्याला दोनदा मिळाले. कडी हलवून गेला आहे.

काय करायचं तेही लिहिते, म्हणजे मी लपवलं असं होणार नाही. आज सगळ्या घरांनी आपापले पैसे काढून घ्यावेत. मग नवा करार, नवा पत्ता, आधी खूण आणि मग पैसे. एवढं केलं तर कुणाचं काही जाणार नाही.

मी या वेळी हात लावणार नाही. जामिनाच्या अटीत लिहिलं आहे, की मंडळाच्या कुठल्याही व्यवहाराला मी स्पर्श करायचा नाही. अट तुमच्या वकिलांनी मागून घेतली होती. तुम्ही म्हणाल, दारावर येऊन सांगायचं. मेट्रो आहे, पायरी ओळखीची आहे. पण त्या पायरीवर मी कधी आलेच नव्हते, असं तुमच्या घरातल्या माणसानं सहीनिशी सांगितलं आहे. न गेलेल्या ठिकाणी पुन्हा कशी जाऊ.

फोन करता येतो हेही ठाऊक आहे. मंडळातल्या दोन-चार घरांचे नंबर सध्या माझ्याजवळ आलेल्या आईकडे आहेत. ती काल दिवसभर मला सांगत होती, की कर फोन, बायकांचा काय दोष. मी नाही म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझं नाव पेपरात आलं तेव्हा त्या घरांतल्या एकाही बाईनं तिला फोन केला नव्हता.

अंबुअक्कांसाठी मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. त्या एका बाईनं मला त्या घरात पाणी दिलं, आणि तिचं जे काही स्वतःचं आहे ते त्या करारात आहे. हे लिहिताना हात थांबतो. पण माझं सगळं तुमच्या एका ओळीवर होतं तेव्हा तक्रार करताना तुमचा हात थांबला नाही, आणि त्यांचाही सहीपुरता थांबला नाही. माझ्यात आता त्यांच्यापेक्षा चांगलं असायचं बळ उरलेलं नाही. ते मी बारा जूनला सगळं खर्च केलं.

पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवते आहे. दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, जयनगरला पोचायला शनिवार उजाडेल. तुम्ही नेहमीप्रमाणे चष्मा लावून पाठवणाऱ्याचं नाव वाचाल आणि पोस्टमनला म्हणाल, परत ने. तो पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारेल आणि तारीख घालेल.

ते पाकीट परत आलं की मी फोडणार नाही. साहेब विचारायला आले तर त्यांच्या हातात तसंच बंद देईन. लेखी सूचना देणाऱ्याचं काय होतं ते तुम्ही मला शिकवलंत. या वेळी सूचना माझी असेल, आणि ती वाचायची नाही असं ठरवल्याचा पुरावा तुमचा.

शिवलीला